तिथीची अहिंसा

दक्षिण व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या वरच्या अंगाला, कंबोडियाच्या सरहद्दीला लागून, आन जांग नावाचा प्रांत आहे. तेथे एरवी नजर पोचेल तिथवर पाणी आणि भातशेती यांखेरीज काही दिसत नाही, पण मध्येच काही डोंगर उभे राहिलेले आहेत आणि त्या मुलखाला ‘बाय नुई’, म्हणजे सात डोंगर, असेच म्हणतात. या डोंगरांच्या पायथ्याच्या खेड्यांतून भल्या पहाटे जे बाजार भरतात त्यांत, भाजीवाल्या आणि मासळीवाल्या यांच्या मधल्या एखाद्या कोपऱ्यात, दोन-तीन चुली मांडून बसलेली बाई ‘बान सेओ’ करीत असते. तांदूळ भिजवून वाटलेले पातळ पीठ, त्यात हळद आणि नारळाचे दूध. कोकणातल्या माणसाला पाहताक्षणी घावनाची आठवण व्हावी असा हा पदार्थ. खोलगट तवा चांगला तापला की ती त्यावर डुकराची चरबी फिरवते, सालासकट चार कोळंब्या आणि डुकराच्या मांसाचे पातळ काप परतते, पिठाचा एक डाव ओतून तवा असा गरकन फिरवते की पीठ कडेपर्यंत चढून जाळीदार होते, आणि वर मुगाचे लांब मोड व वाफवलेली मुगाची डाळ टाकून झाकण ठेवते. झाकण काढले की कडा आपोआप सुटू लागतात आणि अर्धचंद्राकृती घडी ताटात येते. खाणाऱ्याचे काम येथून सुरू होते. समोरच्या टोपलीतून मोहरीचे रुंद पान उचलायचे, त्यावर पुदिना, तुळशीच्या जातीची पाने आणि या डोंगरी भागात तर रानातून खुडून आणलेला कोवळा आंबट-तुरट पाला ठेवायचा, बान सेओचा तुकडा मोडून त्यात गुंडाळायचा, आणि मीठ घालून महिनोन् महिने मुरवलेल्या मासळीचे जे पाणी, ज्याला ते ‘न्युक माम’ म्हणतात, त्यात लिंबू, साखर, लसूण आणि मिरची घालून केलेल्या आंबटगोड रसात बुडवून तो खायचा.

हे झाले रोजचे. परंतु चांद्रमासाच्या पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, अशा पुष्कळ चुलींवरचा कारभार पालटतो. चरबीच्या जागी तेल येते आणि तवाही निराळा काढला जातो, कारण काटेकोर गिऱ्हाईक ती चौकशी केल्यावाचून बसत नाही. कोळंबी आणि मांस यांच्या जागी आळिंबी, सोयाबीनच्या दुधाचे दही, नारळाच्या झाडाचा कोवळा गाभा असे जिन्नस येतात. पुराच्या दिवसांत, पाणी शेतांवर चढलेले असताना, ‘दिएन दिएन’ या झुडपाची पिवळी फुले येतात, जी आपल्या हादग्याच्या फुलांची सख्खी भावंडे आहेत. मासळीच्या पाण्याऐवजी सोयाबीनचा रस, आणि तोही लसणीवाचून. कारण महायान परंपरेत कांदा-लसूण वर्गातील उग्र पदार्थही व्रताच्या अन्नात निषिद्ध मानले आहेत. आषाढात कांदेनवमी करून चातुर्मासाला लागणाऱ्या मराठी घराला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. दुसऱ्या दिवशी तोच कोपरा, तीच बाई, आणि पुन्हा कोळंबी.

या एका दिवसाच्या पालटाला अहिंसा म्हणावे काय, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. तो व्हिएतनामी माणसाइतकाच आपलाही आहे; सोमवारी आणि गुरुवारी मासळी न शिजवणारी गोव्यातील आणि कोकणातील असंख्य कुटुंबे, संकष्टीला व एकादशीला मांस वर्ज्य करणारा देशावरचा गृहस्थ, आणि श्रावणात सुना पडणारा मासळीबाजार यांच्याविषयीही तोच प्रश्न विचारता येतो. आक्षेप उघड आहे आणि त्याची धार बोथट करून मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोळंबीला वेदना होत असतील तर त्या पौर्णिमेलाही होतात आणि पंचमीलाही होतात. प्राण घेणे वाईट असेल तर ते चंद्राच्या कलेवर अवलंबून कसे राहील? जी करुणा पंचांग पाहून जागी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निजते, ती करुणा नसून केवळ वहिवाट आहे, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर द्यावयास हवे.

नवलाची गोष्ट अशी की हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी जवळजवळ याच शब्दांत हाताळलेला आहे. योगसूत्रांत पतंजलींनी यमांची, म्हणजे अहिंसादी संयमांची, गणना केल्यावर लगेच सांगितले की जाती, देश, काल आणि समय यांच्या मर्यादेने जे खंडित होत नाहीत असे यम हे महाव्रत होय. आणि त्यावरील व्यासभाष्याने या मर्यादांची जी उदाहरणे दिली आहेत ती वाचताना मेकाँगकाठचा बाजारच डोळ्यांपुढे उभा राहतो. मासे धरणारा मनुष्य माशांवाचून अन्यत्र हिंसा करीत नाही, ही जातीने मर्यादित झालेली अहिंसा; तीर्थाच्या ठिकाणी मी मारणार नाही, ही देशाने मर्यादित झालेली; चतुर्दशीला किंवा पुण्यदिवशी मारणार नाही, ही कालाने मर्यादित झालेली. भाष्यकाराने यांना महाव्रताच्या खाली ठेवले, हे खरे. पण एवढे लक्षात घेतले पाहिजे की त्याने त्यांना हिंसेच्या सदरात टाकले नाही. कोळ्याच्या त्या तुटपुंज्या संयमालाही त्याने अहिंसा हेच नाव दिले आणि फक्त तिची सरहद्द दाखविली. जैन आचार्यांनी तर ही सरहद्दच एक पायरी म्हणून मान्य केली: मुनीसाठी महाव्रत आणि श्रावकासाठी अणुव्रत, तत्त्व एकच, प्रमाण निराळे.

बौद्ध धर्माची वाटचाल या बाबतीत अधिक वळणाची आहे आणि व्हिएतनामच्या तव्यापर्यंत येण्यासाठी ती थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. विनयपिटकात अशी हकीकत आहे की इतर पंथांचे परिव्राजक पक्षाच्या अष्टमीला, चतुर्दशीला आणि पंधराव्या दिवशी एकत्र जमून धर्मकथन करतात व लोक त्यांच्याकडे ओढले जातात, हे पाहून मगधाचा राजा बिंबिसार याने भगवान बुद्धांना तशी प्रथा संघातही असावी अशी विनंती केली, आणि ती मान्य झाली. म्हणजे उपोसथाचे, या ठरावीक तिथींच्या व्रतदिवसाचे, मूळ एका गृहस्थाच्या, आणि तेही राज्यकारभारात बुडालेल्या गृहस्थाच्या, मागणीत आहे. उलट देवदत्त या भिक्षूने संघासाठी ज्या पाच कडक अटी मागितल्या त्यांत मासे व मांस यांचा कायमचा निषेध ही एक होती, आणि ती अट बुद्धांनी सर्वांवर लादण्यास नकार दिला; भिक्षूसाठी मुद्दाम मारलेले पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला तर ते मांस घ्यावयाचे नाही, एवढाच निर्बंध ठेवला. संपूर्ण मांसत्यागाचा आग्रह पुढे महायान सूत्रांनी धरला, आणि चीनमध्ये लिआंग वंशाचा सम्राट वू (कारकीर्द इ. स. 502 ते 549) याने भिक्षुसंघाला मद्यमांसापासून दूर राहण्यास भाग पाडले, तेव्हापासून पूर्व आशियातील विहारांत तो पक्का रुजला. व्हिएतनामला तो तेथून मिळाला. भिक्षूने आजन्म पाळावे आणि गृहस्थाने तिथीला पाळावे, अशी वाटणी झाली.

पण या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अशोकाचा दाखला. पहिल्या शिलालेखात तो सांगतो की पूर्वी राजाच्या मुदपाकखान्यात रोज लक्षावधी प्राणी मारले जात. आता तीनच मारले जातात, दोन मोर आणि एक हरिण, आणि तेही हरिण नेमाने नव्हे. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी आपले अपुरे राहिलेले व्रत दगडावर कोरून प्रजेसमोर ठेवतो, जे साधले ते सांगतो आणि जे साधायचे उरले तेही सांगतो, यात जी निर्मळ सचोटी आहे तिचा जोड मला कोठे सापडत नाही. पुढे राज्याभिषेकाला 26 वर्षे झाल्यावर काढलेल्या पाचव्या स्तंभलेखात त्याने विशिष्ट पौर्णिमांना, त्यांच्या मागच्या-पुढच्या दिवसांना आणि प्रत्येक उपोसथाला मासे मारू नयेत व विकूही नयेत असे फर्मान काढले. विकूही नयेत, हे शब्द महत्त्वाचे आहेत. राजाने खाणाऱ्याच्या अंतःकरणाला हात घातला नाही, त्याने बाजाराला हात घातला. आणि बाय नुईच्या पायथ्याला पौर्णिमेच्या सकाळी जे दिसते ते हेच, फरक इतकाच की तेथे फर्मान काढणारा कोणी नाही.

व्हिएतनाममध्ये या व्रताच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. महिन्यातून दोन दिवस पाळणारे, चार पाळणारे, सहा पाळणारे, दहा पाळणारे, आणि शेवटी कायमचे शाकाहारी. 1926 साली तै निन्ह येथे उदयाला आलेल्या काओ दाई पंथाने साध्या अनुयायालाही सहा किंवा दहा दिवसांचा नेम घालून दिला. दहा दिवस म्हणजे वर्षाचा तिसरा हिस्सा, आणि ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आन जांगमध्येच 1939 साली हुइन्ह फू सो या विशीही न गाठलेल्या तरुणाने होआ हाओ या आपल्या गावी जो बौद्ध पंथ सुरू केला, त्याने मंदिरे, मूर्ती आणि खर्चिक विधी यांना फाटा देऊन घरातल्या साध्या वेदीवर फुले, उदबत्ती आणि स्वच्छ पाणी एवढेच वाहावे असे सांगितले, पण गृहस्थाचे शाकाहाराचे चार दिवस मात्र राखले. ज्याने एवढे सारे काढून टाकले त्याने हे का ठेवले, याचा विचार केला म्हणजे त्या शेतकरी समाजात या तिथींचे वजन किती होते ते कळते.

आता आक्षेपाकडे वळतो. करुणा पंचांगाची वाट पाहत नाही, हे ऐकायला उदात्त आहे. पण मनुष्याच्या मनात करुणा आपण होऊन किती वेळा उगवते याचा प्रत्येकाने आपल्याशीच शोध घ्यावा. भूक लागलेली असताना, तव्यावर चरबी तडतडत असताना आणि खिशात पैसे असताना ती उगवेल या भरवशावर जो राहिला, त्याच्या आयुष्यात तिचे दर्शन क्वचितच घडणार. पौर्णिमा मात्र आपली मर्जी विचारीत नाही. ती येते, आणि तुम्ही दयाळू असा की नसा, त्या दिवशी कोळंबीला मुभा मिळते. नियम बाहेरून आला आहे म्हणून तो खोटा, हे मला मान्य नाही. तो बाहेरून आला आहे म्हणूनच त्याच्याशी घासाघीस करता येत नाही.

दुसरे असे की अखंड व्रत हे एकट्याचे असते आणि तिथीचे व्रत समूहाचे असते. विहारातील भिक्षू आजन्म मांस खात नाही, पण त्याच्या न खाण्याने बाजारातील कोळंबीची टोपली हलकी होत नाही, कारण तो बाजारात गिऱ्हाईक म्हणून कधी आलाच नाही. उलट शेकडो सामान्य घरे एकाच सकाळी मासळीकडे पाठ फिरवतात तेव्हा मासळीवाली आदल्या दिवशीच माल कमी मागवते, नावेवरचा मनुष्य जाळे लवकर आवरतो, बान सेओवाली आळिंबी आणायला सांगते. आणि जो कोणतेच व्रत पाळीत नाही, अशा प्रवाशापुढेही त्या दिवशी शाकाहारी ताटच येते. अपूर्ण व्रताचा हा सामाजिक हात पूर्ण व्रतापेक्षा लांब पोचतो, आणि अहिंसेचा विचार करताना आपण पाळणाऱ्याच्या चित्तशुद्धीचा एवढा काथ्याकूट करतो की ज्याचा प्राण वाचला त्याचा विसर पडतो. कोळंबीच्या बाजूने पाहिले तर तिला सोडणाऱ्याचे मन पूर्ण शुद्ध होते की अर्धे, याला काही अर्थ नाही.

याच कसोटीवर मला व्हिएतनामची दुसरी एक लोकप्रिय प्रथा कमी प्रतीची वाटते. पौर्णिमेला, विशेषतः सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, जेव्हा मृत आईबापांच्या सद्गतीसाठी वू लानचा सण होतो, तेव्हा भाविक लोक बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन नदीत सोडतात. भावना थोर आहे यात शंका नाही. परंतु सोडण्यासाठी मागणी वाढली की पकडण्यासाठीही हात वाढतात. न घेतलेली कोळंबी ही घेऊन सोडलेल्या माशापेक्षा अधिक निश्चित पुण्य आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन.

आणखी एक शंका रसनेची आहे. व्रताच्या दिवसाचा बान सेओ इतका रुचकर असतो की कित्येक जण त्याचीच वाट पाहतात. सोयाबीनच्या दुधाच्या सायीपासून कोळंबीसारखा आकार आणि चव असलेले पदार्थही तेथे बनतात. मग यात त्याग तो कोणता? आपल्याकडेही उपवासाच्या साबुदाण्यावर हीच टीका होते. माझ्या मते ही टीका दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करते. इंद्रियदमन हा एक हेतू आहे आणि प्राणिदया हा दुसरा. पहिल्यासाठी बेचव अन्न हवे असेल. दुसऱ्याला त्याची गरज नाही. आन जांगमधील डाँग लाय विहाराला तर लोक सर्रास बान सेओचा विहार म्हणतात, कारण तेथे येणाऱ्या यात्रेकरूला शाकाहारी बान सेओ विनामूल्य आणि पोटभर वाढला जातो. ओळीने मांडलेल्या कढया सेवेकरी एकामागून एक भरत आणि उलटीत जातात, आणि त्या पंक्तीत जेवणाऱ्याला दया ही कडू औषधासारखी गिळावी लागत नाही. असे गोड दार असले म्हणजे आत येणारे वाढतात, आणि त्यांतले काही पुढच्या पायरीवर चढतात.

पायरीचा हा मुद्दा मात्र निर्णायक आहे, आणि येथे आक्षेपकाच्या पदरात थोडे माप टाकलेच पाहिजे. दोन दिवसांची जमा दाखवून अठ्ठावीस दिवसांचा खर्च बिनबोभाट मंजूर करून घेणारे मनही असते. श्रावण लागण्यापूर्वी दीप अमावास्येला आपल्याकडे जी मांसमद्याची झोड उठते, ती या मनाची करणी आहे. तेथे तिथी ही दयेची वेळ न राहता भोगाची मुदत ठरते, आणि अशा ठिकाणी व्यासभाष्यातील कोळीही आपल्यापेक्षा श्रेष्ठ आहे, कारण त्याने आपल्या मर्यादेबाहेर तरी पाऊल टाकले नाही. जिवंत व्रत आणि मेलेले व्रत यांतला भेद ओळखायची खूण एकच: ते वाढते की नाही. व्हिएतनाममध्ये पुष्कळ बायका आईच्या दुखण्यात नवस म्हणून दोनाचे चार दिवस करतात, विधवा झाल्यावर चाराचे दहा करतात, आणि उतारवयात एके दिवशी तवा कायमचा तेलाचा होतो. अशोकाच्या तीन प्राण्यांनाही जो अर्थ आहे तो पुढच्या वाक्यामुळे, तेही मारले जाणार नाहीत या वचनामुळे.

तरीही एक अडचण अशी उरते की जिचा परिहार ना पतंजलींकडे आहे ना अशोकाकडे. तिथीच्या व्रताचे सारे बळ, वर सांगितले त्याप्रमाणे, खाणारा, विकणारा आणि पकडणारा एकाच बाजारात, एकाच चंद्राखाली असण्यात आहे. आन जांगमध्ये आज ती स्थिती राहिलेली नाही. चाऊ डॉक गावाजवळ हाऊ नदीवर तरंगती घरे आहेत, त्या घरांच्या तळाशी पिंजरे बांधून लोक पूर्वीपासून मासे पोसत आले. आता त्याच कुळातले मासे मोठमोठ्या तळ्यांतून वाढवून, कारखान्यात सोलून, गोठवून जगभर धाडले जातात. मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांत ‘बासा’ या नावाने जो पांढरा, बिनकाट्याचा मासा मिळतो त्यातला पुष्कळसा त्याच त्रिभुज प्रदेशातून येतो. कारखान्याच्या पाळीवर काम करणारी बाई पौर्णिमेला स्वतः आळिंबीचा बान सेओ खाते, पण तिच्या हाताखालून जाणारा मासा त्या दिवशी थांबत नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक दुसऱ्या देशात आहे आणि त्याला ती पौर्णिमा ठाऊक नाही; तिकडे पुण्यातला गृहस्थ सोमवार पाळून मंगळवारी तो मासा मागवतो, तेव्हा त्याच्या सोमवारचा परिणाम चाऊ डॉकच्या तळ्यापर्यंत कोणत्याही मार्गाने पोचत नाही, कारण मधल्या शीतगृहात वार आणि तिथी दोन्ही गोठलेल्या असतात. भाष्यकाराने देश आणि काल या दोन मर्यादा वेगवेगळ्या मोजल्या होत्या. येथे देश तुटला म्हणून काल निष्फळ झाला आहे. अशा व्यवहारात अणुव्रताचा नवा आकार कोणता असावा, दिवस सोडावा की जिन्नसच सोडावा, याचा निवाडा बाय नुईच्या बान सेओवालीने करावयाचा नाही. तिने आपल्या वाट्याचे केले आहे. तो आपल्यासारख्या दूरच्या खाणाऱ्यांनी करावयाचा आहे.